डब्यातला पतंग आणि दहाव्याचं पीठ

ये गं मंदे, अशी जवळ ये. त्या उंबऱ्याशी नको बसूस, तिथं ओल येते. इथं माझ्याशेजारी बस, आणि आधी माझी बोलणी खाऊन घे. अर्धी टोपली कळ्या खुडून कुणी निघून जातं का? "अक्का, पाच मिनिटं पडते," म्हणालीस आणि घरात गेलीस. मी आपली तगरीची पुढची ओळ धरली. तुझी उरलेली ओळही मीच खुडली. मनात म्हणत होते, आज बाईसाहेबांना सुटी मिळाली, उद्या हिच्याकडून दोन ओळी जास्त काढून घेते. आत आले तर तू मधल्या खोलीत कॉटवर, खिडकीकडे तोंड करून. चपला शेजारी शेजारी नीट काढलेल्या. तुला कधी गं चपला नीट काढायची सवय होती? एक अंगणात, एक मोरीपाशी. त्या चपला बघूनच मला कळलं. हाक नंतर मारली.

सांगून जायची रीत असते. तुला रीत कधी कळली नाही ते नाहीच.

काल तुझं तेरावं झालं. परवा वैशाली मस्कतहून येतेय. रजा आणि तिकीट दोन्ही जुळेपर्यंत पोरीला आईचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. ती आली की मला तिला काहीतरी सांगायचंय. सांगू की नको हेच मला कळत नाही. डोकं असं झालंय, की चहात साखर घातली की नाही ते आठवत नाही. म्हणून म्हटलं, आधी तुझ्याशी बोलून घ्यावं. तू असतीस तर तुलाच विचारलं असतं. तू नाहीस म्हणूनच तर विचारायची वेळ आली. बघ, हे असं होतंय माझं.

आपण दोघी जावा, आपलं पटायचं असं लोक म्हणायचे. पटायचं कुठं? रोज भांडायचो. फक्त भांडण संपायच्या आत कामाला लागायचो, म्हणून लोकांना दिसायचं नाही.

मेथी-पालक सोडून आपण फुलं लावली ते वर्ष आठव. गंगापूर रोडला तेव्हा बंगले थोडे आणि मळे जास्त. आपल्या मळ्यात तगरीच्या ओळी, बांधाला कण्हेरीचं कुंपण, विहिरीवर मधुमालती. उजाडायला कळ्या खुडायच्या, ओल्या फडक्यात बांधायच्या, की भाऊजी सायकलवर फुलबाजारात घेऊन जायचे. आणि पहिल्याच भाद्रपदात त्या अळ्या आल्या. कोवळी पानं खाऊन फांदीची नुसती काडी करून ठेवायच्या. माझं काम ठरलेलं, अळी दिसली की चिमटीत धरायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. पण पहिली हाताला लागली तेव्हा मीच ओरडले होते. अंगठ्याएवढी जाड, हिरवीगार, मागच्या टोकाला वाकडी शिंगटी, आणि मानेवर ते दोन निळे डोळे. हात लावला की डोकं आत ओढायची, अंग फुगवायची आणि डोळे वटारायची. मी टोपली टाकून दिली. तू हसायला लागलीस. "अक्का, ही तुमच्याकडे सासूबाईंसारखी बघतेय!" आणि सासूबाई तिथंच चार हातांवर कळ्या निवडत बसलेल्या. 

ते डोळे नाहीत, नुसते ठिपके आहेत, खरे डोळे पुढे बारीक आहेत, हे तू आठ दिवसांनी शोधून काढलंस. तू असल्या गोष्टी शोधायचीस. आम्ही फुलं बघायचो, तू पानाची खालची बाजू बघायचीस. खसखशीपेक्षा जरा मोठं, हिरवट मोत्यासारखं अंडं तूच मला पहिल्यांदा दाखवलंस. कोवळ्या पानावर एकच, एकुलतं एक. त्यातून चार-पाच दिवसांनी दोऱ्यासारखी अळी निघते, आणि सगळ्यात आधी स्वतःच्या अंड्याचं कवच खाते. "बघा, जन्मल्यापासून काही वाया घालवत नाही, अगदी तुमच्यासारखी," असं म्हणून मला टोमणा मारायचीस.

साबणाच्या पाण्याला तुझा विरोध. तगरीवरच्या अळ्या तू पदरात गोळा करायचीस आणि बांधावरच्या कण्हेरीवर नेऊन सोडायचीस. कण्हेर म्हणजे विषच. शेळीनं तोंड लावलं तर शेळी जाते. आणि या बया तीच खाऊन दिसामाशी जाड होतात! दोन महिन्यांत कुंपणाच्या नुसत्या काड्या झाल्या. भाऊजी म्हणाले, "खाल्लं कुंपण तुझ्या माहेरच्यांनी." तू म्हणालीस, "सटाण्याची माणसं जेवायला कमी पडत नाहीत."

आणि मग तो डबा. बिस्किटाचा पत्र्याचा डबा, झाकणाला खिळ्यानं भोकं, तळाशी माती, वर वाळकी पानं, आणि कॉटखाली त्याची जागा. शेजारी दोरीनं बांधलेली शंभर पानी वही. वहीत पट्टीनं रकाने. अंडं. अळी. मातीत गेली. निघाली. कुठे गेली. बारावीला नापास झालेली तू, पण अक्षर काय टपोरं होतं! शेवटच्या रकान्यात तू बहुतेक वेळा प्रश्नचिन्ह काढायचीस.

आता ते कोंबड्यांचं सांगते. तू गेलीस म्हणून मी ते गाळणार नाही.

डब्यातली तुझी पहिली अळी मीच टाकली. सकाळी झाकण उघडून बघते तर काल हिरवीगार असलेली अळी मळकट तपकिरी झालेली, पाठ काळपट. पानाला तोंड लावत नव्हती. डब्याच्या कडेकडेनं नुसती फिरत होती, सैरभैर. खाली पातळ घाण केलेली. मला वाटलं, सडली. रोगट झाली. घरात रोग नको म्हणून मी ती कोंबड्यांपुढे टाकली. तू दुपारी आलीस. रिकामा डबा बघितलास आणि रागानं तुझ्या तोंडात माहेरची बोली आली. "जित्ती व्हती ती, अक्का! मरेल नव्हती!" मला कळेचना, एका किड्यासाठी ही पोरगी रडते काय. मग तू सांगितलंस. ती रोगट नव्हती. तिचं खाणं पुरं झालं होतं. खाणं पुरं झालं की तिचा रंग जातो, झाडावरून उतरते, जागा शोधत फिरते, मग पानं ओढून घेऊन त्याखाली अंग आकसते आणि कात टाकून कोष होते. दोन-अडीच आठवडे तशीच. मग पतंग निघतो. हे सगळं तू बांधावर बसून, कण्हेरीखालची माती उकरून बघितलं होतंस.

दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी मीच एक अळी शोधून आणून तुझ्या डब्यात टाकली. ती सुटली, पतंग झाली. तो हिरवा रंग, त्यात गुलाबी पट्टे, जणू कुणी पैठणी धुऊन वाळत घातलीय. उडायच्या आधी तो थंडी भरल्यासारखा थरथरला. मी म्हटलं, "मेला आता हा." तू म्हणालीस, "अक्का, तुम्ही प्रत्येक वेळी मारूनच टाकता. तो अंग गरम करतोय." आणि खरंच, गेला की सरळ खिडकीतून, विहिरीवरच्या मधुमालतीवर! फुलावर न बसता, हवेत एका जागी पंख मारत, लांब दोऱ्यासारख्या जिभेनं मध प्यायला.

मग आमचे हे गेले. तेव्हाचं भांडण आपलं राहूनच गेलंय.

आपल्याकडे दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी ताटात पीठ चाळून पसरतात, त्यात दिवा ठेवतात आणि वर वेताची टोपली पालथी घालतात. दिव्याला हवा लागावी म्हणून टोपलीच्या काठाखाली एका बाजूला खडा. सकाळी टोपली उचलायची आणि पिठात काय उमटलंय ते बघायचं. गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला, त्याची खूण. यांच्या पिठात एक वाकडीतिकडी रेघ उमटली होती. भावकीतल्या म्हाताऱ्या बयाकाकी म्हणाल्या, "नाग. मळा राखायला आलाय." मला इतकं बरं वाटलं गं. हे मळ्यातच आहेत, कुठं गेले नाहीत. आणि तू? मी चुलीपाशी डोळे पुसतेय, आणि तू माझ्या कानाशी येऊन म्हणतेस, "अक्का, उंदीर आहे. पीठ खाल्लंय कडेनं. शेपटी ओढलीय त्यानं."

मी तुला म्हणाले, "तुला काय घाई असते गं खरं बोलायची?" तू म्हणालीस, "मग कधी बोलायचं?"

भाकरी करपत होती म्हणून उठले. पुढे कितीदा तो विषय निघाला. तू म्हणायचीस, "जे दिसलं ते लिहावं. नाही दिसलं तर प्रश्नचिन्ह काढावं." मी म्हणायचे, "माणसं म्हणजे तुझी वही नव्हे." हसायचो, भांडायचो, पण निकाल काही लागला नाही.

दुसरंही एक भांडण अर्धं आहे. फुलं न्यायला येणाऱ्या त्या कॉलेजातल्या बाईंनी तुला पुस्तकातलं चित्र दाखवलं. अगदी आपलाच पतंग. हा म्हणे आफ्रिकेत असतो, अरबस्तानात असतो, आपल्याकडे असतो, आणि उन्हाळ्यात समुद्र ओलांडून पार युरोपात जातो. तिकडे थंडी पडली की मरतो, पण दुसऱ्या वर्षी पुन्हा जातोच. तू आठ दिवस तेच धरून बसलीस. मी म्हटलं, "काहीतरीच. आपल्या तगरीवर जन्मला, आपल्या मधुमालतीवर प्यायला, तो आपला. समुद्रावर बसेल कुठं?"

"न बसता जात असेल."

"आणि खाईल काय?"

"जायच्या आधी पोटभर पिऊन घेतो की."

"आणि तू कधी बघितलंस समुद्रावर?"

"मी कुठं बघणार अक्का, मी सटाणा आणि नाशिक याच्यापलीकडे गेलेच नाही."

मग वैशाली लग्न होऊन मस्कतला गेली. तिथून तिनं पाठवलेला तो फोटो! रस्त्याकडेची गुलाबी कण्हेर, आणि पानावर आपली निळ्या डोळ्यांची बया. मागे लिहिलेलं, "आई, तुझी माणसं इथंही आहेत." तो फोटो तू किती जणांना दाखवलास. फुलबाजारातल्या मापाड्यालासुद्धा. आणि मला? मला तर नाकापुढे धरून म्हणालीस, "आता बोला." मी बोलले. "ती तिथलीच असेल," म्हणाले. "आपली कशावरून?" तू फोटो वहीत ठेवलास आणि म्हणालीस, "बरं." तुझं ते "बरं" मला माहीत होतं. त्याचा अर्थ, माझं चुकलंय आणि मला ते कळेल तेव्हा कळेल.

आता या श्रावणाकडे येते. यायचं नव्हतं, पण आले.

श्रावणात तुझा रंग गेला. काळवंडलीस. मी म्हटलं, ऊन नाही नि काही नाही, ही अशी का दिसतेय? जेवायला बसायचीस आणि पान तसंच सारायचीस. बसल्या जागी स्वस्थ नाही, उगीच ओट्यावरून अंगणात, अंगणातून ओट्यावर. विहिरीपासून घरापर्यंत येताना मध्ये थांबायचीस. एकदा हंडा खाली ठेवून म्हणालीस, "अक्का, डॉक्टरला दाखवू का? छातीवर कुणी बसल्यासारखं होतं."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "अगं, अठ्ठेचाळिसावं लागलंय तुला. या वयात होतं असं. मला नव्हतं का झालं? घाम, धडधड, जेवण नको, कशात मन नाही. जातं आपोआप. बाईचं अंग बदलतं." वर आणखी शहाणपणानं म्हणाले, "तुझ्या अळीसारखं." आणि तुला ते पटलं! तू हसलीस सुद्धा. हंडा उचलून घरात गेलीस.

मंदे, तुझ्या डब्यातली अळी बदलत होती, मला वाटलं मरतेय. आणि तू... तीच तर लक्षणं होती. रंग गेला, अन्न सुटलं, सैरभैर फिरणं. मला ती पाठ होती, तूच शिकवलेली. म्हणून मी निश्चिंत राहिले. या वेळी मी घाई करायची नाही, कोंबड्यांपुढे टाकायचं नाही, थांबायचं, असं मी शिकले होते. आणि नेमकं या वेळी थांबायला नको होतं. हे कुणाला सांगू? सांगितलं तर माणसं म्हणतील, म्हातारीला भ्रम झाला, अळीचं काय सांगते.

तू जायच्या आठ दिवस आधी एक अळी डब्यात मातीत गेली होती. वहीत तारीख आहे, तुझ्याच हातची. पुढचा रकाना रिकामा. ते मला आठव्या दिवशी आठवलं, घर माणसांनी भरलेलं असताना. तू नेहमी सांगायचीस, पंधरा दिवस उलटले की झाकण काढायचं आणि आत काडी उभी करायची, नाहीतर पतंगाला चढायला जागा मिळत नाही, पंख चुरगळून जन्माचा पांगळा होतो. मी गुपचूप कॉटखालून डबा काढला, झाकण उघडलं, कण्हेरीची एक काडी खोचली आणि डबा खिडकीत ठेवला. म्हटलं, तुझं एवढं तरी राहायला नको.

दहाव्याच्या सकाळी बयाकाकींनी टोपली उचलली. नव्वदीच्या बाई, हात थरथरतात, पण हे काम त्या कुणाला करू देत नाहीत. टोपली वर आली. टोपलीच्या आत, वेताला धरून, पतंग लटकलेला. हिरवा, गुलाबी, कोरा करकरीत. खाली पिठात बारीक टिंबांची माळ, काठापासून आतपर्यंत, आणि मध्ये एक तांबूस थेंब. बयाकाकींनी हात जोडले. "सवाष्ण गेली," म्हणाल्या, "कुंकवाचा थेंब ठेवून गेली." बायका रडायला लागल्या. आणि भाऊजी! दहा दिवस ज्या माणसाच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं, भाताचा घास उतरत नव्हता, ते भिंतीला टेकून लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

मला तो थेंब माहीत होता. पतंग बाहेर आला की पंख पसरायच्या वेळी पोटातलं जुनं पाणी टाकतो. तूच दाखवलं होतंस. खिडकीकडे बघितलं तर डबा तिथं नव्हता. डबा खाली, टोपलीपासून वीतभर अंतरावर. काडीशी कोषाचं तपकिरी टरफल, पाठीवर फाटलेलं. म्हणजे निघाला, दिव्याकडे चालत गेला, खड्यापाशी फट होती तिथून आत शिरला, टोपलीला धरून वर चढला. एवढं सरळ. मी ते टरफल उचललं आणि पदराच्या गाठीत बांधलं. डबा पायानं कॉटखाली सरकवला. सगळं कळत होतं, टरफल पदरात होतं, आणि तरी मंदे, मी हात जोडले. का जोडले ते मला सांगता येत नाही. त्याच्या अंगावर दिव्याचा उजेड होता आणि तो तुझ्यासारखाच, कुणाची पर्वा न करता लटकलेला होता.

दुपारी वैशालीचा फोन आला. "मोठीआई, बाबा म्हणाले आई पतंग होऊन आली." मी नुसतं हुं म्हटलं. मग तिनं विचारलं, "आईचा डबा कुठं होता?"

पोरगी तुझी. दुसरं काय विचारणार?

मी म्हणाले, "डबा? तो गोठ्यात असेल गं कुठंतरी."

मग ती म्हणाली, "बरं." हुबेहूब तुझं.

मी खोटं का बोलले ते मला ठाऊक आहे. भाऊजींचा घास मोडू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. तेही होतंच. पण खरं कारण दुसरं. डब्याचं खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. आईला आधीपासून काही होत होतं का? तू तिच्याजवळच होतीस ना मोठीआई?

काल संध्याकाळी पाहुणे गेले. भाऊजी ओट्यावर बसले होते. मी चहा ठेवला आणि म्हटलं, आधी यांना सांगावं. पदराची गाठ सोडून टरफल त्यांच्यापुढे ठेवलं. "भाऊजी, रागावू नका. तो पतंग डब्यातला होता."

त्यांनी टरफल हातात घेतलं. उलटसुलट करून बघितलं. "माहीत आहे वहिनी," म्हणाले. "डबा मीच खाली ठेवला."

"तुम्ही?"

"वहीत बघितलं मी. दिवस भरत आले होते. खिडकीत ठेवला असता तर निघून बाहेर गेला असता, मला दिसला नसता. म्हटलं, दिव्यापाशी ठेवावा. आयुष्यभर हसलो मी तिला त्या डब्यावरून. एकदा तरी निघताना बघायचा होता. पण झोप लागली हो मला. टोपली उचलली तेव्हाच दिसला."

"मग रडलात कशाला? तुम्हाला तर सगळं ठाऊक होतं!"

"ठाऊक होतं म्हणून काय झालं?" ते म्हणाले. "निघाला ना तो. ती नव्हती, आणि तरी वेळेवर निघाला."

मग मात्र मला राहवलं नाही. श्रावणातला तो हंडा, छातीवरचं ओझं, मी दिलेलं उत्तर, अळी, कोंबड्या, सगळं सांगितलं. ते ऐकत होते. चहावर साय आली. शेवटी म्हणाले, "वहिनी, आधी मलाच विचारलं होतं तिनं. मी म्हणालो, बायकांचं काय ते वहिनींना विचार."

मग ते विहिरीवरची मोटार चालू करायला उठले. चार पावलं गेले आणि वळून म्हणाले, "वैशूला सांगा. मीही सांगेन, पण तुम्ही आधी सांगा. तिला तुमचं खरं वाटेल."

सांगणार आहे. आज सकाळी तुझी वही काढली. 'निघाली'च्या रकान्यात दहाव्याची तारीख घातली. माझं अक्षर तुझ्या शेजारी किडमुंगीसारखं दिसतंय, पण असू दे. टरफल कागदात गुंडाळून, मस्कतच्या फोटोशेजारी, वहीत ठेवलंय. ती आली की चहा होईस्तोवर थांबणार नाही. वही हातात देईन, डबा कुठं होता ते सांगेन, आणि मग आईनं मला काय विचारलं होतं ते सांगेन. ती रागावेल. रागावू दे. दोन दिवस बोलली नाही तर तिसऱ्या दिवशी मी काय शोधून आणणार, ते मात्र मला माहीत नाही. कधी बोलायचं, असं तू चुलीपाशी विचारलं होतंस ना? मला अजूनही वाटतं, यांच्या दहाव्याला तू जरा थांबायला हवं होतंस. पण मी फार थांबले. या दोहोंच्या मध्ये कुठंतरी असेल ती वेळ. आपण दोघींनी मिळून काढली असती.

'कुठे गेली' हा रकाना राहिलाय. दहाव्याच्या संध्याकाळी मी खिडकी उघडली होती. थरथरला, अंग गरम केलं, गेला. मधुमालतीपाशी होता असं वाटलं. मग कुंपणावरून पलीकडे. तिकडे तुझं मस्कतही येतं आणि शेजारच्या नव्या बंगल्याचा गच्चीवरचा दिवाही. कुठं गेला ते मला दिसलं नाही. तुझ्या पद्धतीनं प्रश्नचिन्ह काढलंय. पण आपलाच होता, हे मी अजून म्हणते हं. तेवढं भांडण मी सोडलेलं नाही. पुढे भांडायला माणूस लागतं.

तगर छाटल्यावर कोवळी फूट येईल. विहिरीकडच्या दोन ओळी मी तशाच सोडणार आहे, तिथं साबणाचं पाणी न्यायचं नाही असं भाऊजींनाही सांगितलंय. कुंपण खाल्लं तरी चालेल. डबा धुऊन उन्हात ठेवलाय. वैशाली पंधरा दिवस आहे इथं. तेव्हा जमव गं. पानाखालचं अंडं होऊन ये, निळे डोळे वटारत ये, नाहीतर आपली एक चप्पल अंगणात आणि एक मोरीपाशी टाकून, "अक्का, भूक लागली" म्हणत ये. कशी येतेस ते तू बघ. मी आता पानाची खालची बाजू बघत बसणार आहे. पण ये. आणि पाच मिनिटांसाठी नको, चांगली चार दिवस राहायला ये. लवकर ये.